एका मास्टरवरून क्लोन केलेल्या लिनक्स मशीनचं नेट आळीपाळीने जातं: कारण, कायमचा उपाय आणि सोबतच्या इतर तक्रारी

लक्षण असं. शाळेच्या लॅबमध्ये एकाच मॉडेलची २४ मशीन आहेत. त्यातलं एक (याला मास्टर म्हणू) घेऊन त्यावर उबुंटू सर्व्हर २२.०४ टाकलं, वर हलका एक्सएफसीई डेस्कटॉप चढवला. इन्स्क्रिप्ट मराठी कीबोर्ड, देवनागरी फॉन्ट, लिब्रेऑफिस, जीकॉम्प्री, पायथन, प्रिंटर असं सगळं मनासारखं बसवलं. डिस्कची नक्कल करणाऱ्या क्लोनझिलाने त्याची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घेतली आणि बाकीच्या २३ मशीनवर टाकली. पहिलं मशीन सुरू केलं, नेट चालू. दुसरं सुरू केलं, त्यावरही नेट चालू, पण पहिल्यावरचं पान अर्ध्यात अडकलं. पहिलं रीस्टार्ट केलं तर ते चालू झालं आणि दुसरं अडकलं. तासाला मुलं बसली की अर्ध्या लॅबमधून हाका सुरू होतात, "सर, नेट गेलं!"

हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारला गेलाय, आणि माझ्या स्वतःच्या हाताखालच्या लॅबमध्ये इतक्या वेळा परत आलाय, की एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. माणसं आधी केबल बदलतात, मग स्विच बदलतात, मग राउटर बदलायला निघतात. कृपया खर्च करू नका. आधी पाच मिनिटांची तपासणी करा.

एक सूचना: कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत, फोनवर सांगतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

शेजारशेजारची दोन मशीन घ्या. दोन्हींवर टर्मिनल उघडून 'हॉस्टनेमसीटीएल' चालवा. जी माहिती येते तिच्यात 'मशीन आयडी' नावाची ओळ असते आणि तिच्यापुढे आकडे-अक्षरं मिळून ३२ चिन्हांची एक माळ. पहिली सहा आणि शेवटची सहा चिन्हं जुळवून बघा. दोन्ही मशीनवर तीच माळ असेल, तर आजार सापडला. राउटरच्या पानावर डीएचसीपीची, म्हणजे मशीनना वाटलेल्या नेटवर्क पत्त्यांची, यादी उघडलीत तर तिथेही हेच दिसेल: दोन मशीन चालू आहेत, पण यादीत नोंद एकच, समजा १९२.१६८.१.३७, आणि पान ताजं केलं की तिच्यापुढचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बदललेला.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पत्ता मागताना मशीन राउटरला आपली ओळख सांगतं. आपण धरून चालतो की ती ओळख म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता. पण उबुंटू सर्व्हरमध्ये नेटवर्कचं काम सिस्टमडी-नेटवर्कडी बघतं, आणि ते मॅक पत्ता पुढे करत नाही. ते मशीन आयडीवरून एक ओळखक्रमांक तयार करतं आणि त्याला कार्डाच्या जागेवरून काढलेला एक आकडा जोडतं. मॉडेल एकच म्हणजे कार्डाची जागा एकच. क्लोन म्हणजे मशीन आयडीही एकच. राउटरच्या दृष्टीने २४ मशीन म्हणजे एकच गिऱ्हाईक वारंवार येतंय. तो बिचारा नियमाप्रमाणे दर वेळी तोच पत्ता देतो. चूक राउटरची नाही.

उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती टाकली असेल तर तिथे नेटवर्कमॅनेजर असतो. तो साध्या आयपीव्ही४ साठी सहसा मॅक पत्ताच सांगतो, त्यामुळे हे भांडण दिसत नाही. म्हणून बरेच जण म्हणतात, "आमच्याकडे क्लोन मारून वर्ष झालं, काही होत नाही." मशीन आयडी त्यांच्याकडेही सारखाच असतो, फक्त तो दुसरीकडे बोलतो. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, आणि कुठल्या मशीनला ते आधी द्यायचं हे मशीन आयडीवरून ठरतं. सगळ्यांचा आयडी एक, म्हणजे एखादं बिघडलेलं अपडेट सगळ्या लॅबला एकाच दिवशी मिळणार. टप्पे पाडण्याचा हेतूच संपला.

आता उपाय. आणि उपाय केल्यावरही तक्रार परत का येते, हे त्याहून महत्त्वाचं.

मशीन आयडी 'एटीसी' फोल्डरमध्ये 'मशीन-आयडी' नावाच्या फाइलीत असतो. इमेज घेण्याआधी मास्टरवरची ही फाइल रिकामी करायची. 'सुडो ट्रंकेट', पुढे डॅश एस शून्य, आणि फाइलीचा पत्ता. फाइल रिकामी असली की पुढच्या बूटला सिस्टमडी (मशीन सुरू करून सेवा चालवणारा मूळ प्रोग्राम) स्वतः नवा आयडी तयार करतं. म्हणजे प्रत्येक क्लोन पहिल्यांदा सुरू होताना आपापला आयडी घेईल. काम एका ओळीचं. तरी तीन ठिकाणी माणूस फसतो.

पहिलं, फाइल रिकामी करायच्या ऐवजी उडवून टाकणं. बूटच्या अगदी सुरुवातीला मूळ पार्टिशन केवळ वाचण्यापुरतं जोडलेलं असलं, तर सिस्टमडीला तिथे नवी फाइल तयार करता येत नाही आणि ते स्पष्ट संदेश देऊन थांबतं, की मशीन-आयडी नाही आणि एटीसी फक्त वाचता येतंय, सिस्टम बूट होऊ शकत नाही. रिकामी फाइल असली तर हा प्रसंग येत नाही. म्हणून रिकामी करायची, उडवायची नाही.

दुसरं, जास्त छुपं. 'व्हार', 'लिब', 'डीबस' या वाटेने गेलात की तिथेही 'मशीन-आयडी' नावाची फाइल असते. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती सहसा एटीसीमधल्या फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा असतो, तेव्हा काळजी नाही. पण वर्षानुवर्षं अपग्रेड करत आणलेल्या मास्टरवर ती खरीखुरी फाइल असू शकते, आणि तिच्यात जुना आयडी शाबूत असतो. एटीसीमधली फाइल रिकामी दिसली की सिस्टमडी आधी इथे डोकावतं, इथे वैध आयडी सापडला तर तोच उचलतं. तुम्ही सगळं बरोबर केलंत, तरी २४ मशीनवर पुन्हा तीच माळ. मी यात एक अख्खा शनिवार घालवला आहे. तेव्हा 'एलएस डॅश एल' करून तिथे बाण दिसतोय का बघा. नसेल तर ती फाइल काढून तिथे एटीसीमधल्या फाइलीचा दुवा करा.

तिसरं कारण सर्वात साधं आणि सर्वात जास्त घडणारं. मास्टर साफ केला, बंद केला, आणि इमेज घेण्याआधी कोणीतरी परत सुरू केला. प्रिंटरचं एवढं एकदा बघू, मुलांच्या लॉगिनचा वॉलपेपर राहिला, अशी कारणं नेहमी असतात. मास्टर सुरू झाला त्या क्षणी रिकाम्या फाइलीत नवा आयडी भरला गेला, आणि त्यानंतर घेतलेली इमेज तो आयडी सगळीकडे वाटणार. एका शाळेतल्या लॅबच्या मॅडमनी मला फोनवर सगळ्या पायऱ्या बिनचूक म्हणून दाखवल्या होत्या, तरी आयडी सारखा येत होता. शेवटी कळलं की मधल्या सुट्टीत त्यांच्या सहायकाने मास्टर चालू करून तारीख-वेळ दुरुस्त केली होती. त्याचं काम चांगल्या भावनेने केलेलं होतं. पण इमेज वाया गेली.

म्हणून माझा नियम असा: साफसफाई ही वेगळी पायरी ठेवायचीच नाही. साफसफाईची एक छोटी स्क्रिप्ट मास्टरवरच ठेवायची आणि तिची शेवटची ओळ 'पॉवरऑफ' असायची. स्क्रिप्ट चालली की मशीन बंद. त्यानंतर ते सुरू करायचं ते केवळ क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून. मध्ये कोणी डिस्कवरून बूट केलंच, तर घाबरायचं कारण नाही, फक्त तीच स्क्रिप्ट परत चालवायची. मास्टरच्या मॉनिटरवर मी चिकटपट्टीने कागद लावतो: 'इमेज होईपर्यंत हात लावू नये.' वीज गेली-आली की आपोआप चालू होण्याची सोय काही मशीनच्या बायोसमध्ये असते, तीही त्या दिवसापुरती बंद ठेवतो. आपल्याकडे हे लक्षात ठेवावंच लागतं.

याच्या जोडीला दुसरा बंदोबस्त करतो, नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलीत. कार्डाच्या नोंदीखाली 'डीएचसीपी-आयडेंटिफायर' लिहून पुढे 'मॅक' द्यायचं. मग मशीन आयडी चुकून सारखा राहिला तरी पत्त्यावरून भांडण होत नाही. त्याच फाइलीत आणखी एक दुरुस्ती करा. कार्डाचं नाव तिथे थेट लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 'ईएनपी३एस०'. हे नाव कार्ड मदरबोर्डवर कुठल्या जागी आहे त्यावरून पडतं. लॅबमध्ये दोन मशीन जरी वेगळ्या बनावटीची असली, तरी त्यांच्यावर ते 'ईएनपी२एस०' होतं आणि नेट चालूच होत नाही. नावाऐवजी 'मॅच' वापरून 'ईएन' आणि पुढे तारा लिहिला की 'ईएन'ने सुरू होणारं कुठलंही कार्ड चालतं. या फाइलीत टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. तपासायला 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. काही चुकलं तर दोन मिनिटांत जुनी मांडणी परत येते.

एक खरंच मनापासून सांगतो. क्लोन करताना आपल्याला मास्टरच्या सवयी हव्या असतात: फॉन्ट, कीबोर्ड, मेनू, प्रोग्राम. त्याची ओळख नको असते. इमेज मात्र दोन्ही उचलून नेते, तिला फरक कळत नाही. मशीन आयडी हा ओळखीचा एक तुकडा झाला. बाकीचे तुकडेही त्याच स्क्रिप्टमध्ये साफ करायचे असतात.

त्यातला गंभीर म्हणजे एसएसएचच्या (दुरून मशीनमध्ये शिरण्याच्या सोयीच्या) होस्ट किल्ल्या. 'एटीसी'मधल्या 'एसएसएच' फोल्डरमध्ये 'एसएसएच_होस्ट'ने सुरू होणाऱ्या फाइली असतात. आपण शिक्षकांच्या मशीनवरून पासवर्ड टाकून मुलांच्या मशीनमध्ये शिरतो. आपण भलत्याच मशीनला पासवर्ड देत नाही ना, याची खात्री या किल्ल्यांवरून होते. सगळ्यांच्या किल्ल्या एकच असल्या, तर एका मशीनमधली किल्ली काढून कोणीही कुठल्याही मशीनचं सोंग घेऊ शकतो. बारावीतली हुशार पोरं हे करू शकतात, त्यांना कमी लेखू नका. तेव्हा मास्टरवरच्या किल्ल्या काढून टाकायच्या.

पण इथे उबुंटू आणि डेबियनवाल्यांनी थांबावं. फेडोरामध्ये किल्ल्या नसल्या तर एसएसएच सेवा सुरू होण्याआधी आपोआप नव्या तयार होतात. डेबियन-उबुंटूच्या साध्या इन्स्टॉलेशनमध्ये तसं होत नाही. सेवा 'नो होस्टकीज अव्हेलेबल' म्हणून बंद पडते, आणि मग क्लोन झालेल्या एकाही मशीनमध्ये दुरून शिरता येत नाही. यासाठी पहिल्या बूटला चालणारी एक छोटी सिस्टमडी सेवा लिहावी लागते. एसएसएचच्या आधी चालायचं, 'ईडी२५५१९' प्रकारच्या किल्लीची फाइल नसेल तरच चालायचं, आणि काम एकच: 'एसएसएच-कीजेन', पुढे डॅश आणि मोठा ए. जेवढ्या प्रकारच्या किल्ल्या नाहीत तेवढ्या सगळ्या ती तयार करते.

याच सेवेत मी मशीनचं नावही ठरवतो. इमेजमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवतो, तिच्यात २४ ओळी: मॅक पत्ता आणि पुढे नाव, लॅब-०१, लॅब-०२ असं. मशीन पहिल्यांदा सुरू झालं की स्क्रिप्ट आपला मॅक पत्ता त्या यादीत शोधते आणि नाव लावते. यादीत नसेल तर 'नवीन' आणि मॅकचे शेवटचे चार आकडे. नाव बदलताना 'एटीसी'मधल्या 'होस्ट्स' फाइलीतली १२७.०.१.१ ची ओळही बदलायला विसरू नका. राहिली तर प्रत्येक सुडोला 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' असा संदेश येत राहतो आणि विद्यार्थ्यांना वाटतं त्यांचंच काही चुकलं.

नाव बदलण्यातून एक तक्रार हमखास येते. क्रोम किंवा क्रोमियम उघडलं की 'हे प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे' असं म्हणून ते उघडायला नकार देतं. ब्राउझर चालू असताना प्रोफाइल फोल्डरमध्ये 'सिंगलटनलॉक' नावाचा दुवा तयार होतो आणि त्यात मशीनचं नाव लिहिलेलं असतं. मास्टरवर ब्राउझर नीट बंद न करता इमेज घेतली की तो दुवा क्लोनमध्ये जातो, आणि तिथे नाव वेगळं दिसतं. तो दुवा साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये काढा. खरं तर मुलांच्या खात्याचं घरच (होम फोल्डर) क्लोन करू नका. हवी ती मांडणी 'एटीसी'मधल्या 'स्केल' फोल्डरमध्ये (नव्या खात्याचं घर याच्या साच्यावरून बनतं) ठेवा आणि खातं पहिल्या बूटला तयार करा. ब्राउझरचं प्रोफाइल आणि पासवर्डची किरिंग मात्र स्केलमध्ये टाकू नका.

स्क्रिप्टमध्ये आणखी दोन गोष्टी: 'व्हार' मधलं सिस्टमडीचं 'रँडम-सीड' (यादृच्छिक आकडे तयार करायला लागणारं बीज) काढणं, आणि जर्नलच्या जुन्या नोंदी काढणं. जर्नल मशीन आयडीच्या नावाच्या फोल्डरमध्ये साठतं. आयडी बदलला की मास्टरचं जुनं फोल्डर प्रत्येक क्लोनवर विनाकारण जागा अडवत बसतं. दूरवरून स्क्रीन बघायचं एखादं सॉफ्टवेअर मास्टरवर असेल आणि ते स्वतःचा क्रमांक देत असेल, तर तेही क्लोननंतरच बसवा.

आता दुसऱ्या जातीची तक्रार: क्लोन झालं, पण मशीन बूटच होत नाही. यात पडद्यावर काय दिसतं त्यावर सगळं अवलंबून आहे.

बायोसच म्हणतंय की बूट करायला काही सापडलं नाही, तर यूईएफआय (नव्या मशीनमधली बूट करण्याची पद्धत) बघा. कुठून बूट करायचं याची नोंद डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या मेमरीत असते, आणि ती इमेजबरोबर येत नाही. क्लोनझिला ती नोंद स्वतः करतं, पण त्यासाठी क्लोनझिलाचा पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू केलेला हवा. जुन्या लेगसी पद्धतीने सुरू केला असेल तर नोंद होत नाही. यावर पक्का उपाय मास्टरवरच करता येतो: 'ग्रब-इन्स्टॉल'ला 'रिमूव्हेबल' हा पर्याय देऊन बूटलोडरची प्रत ईएफआय पार्टिशनच्या 'बूट' फोल्डरमध्येही ठेवायची. नोंद नसली तरी मदरबोर्ड तिथे शोधतोच.

क्लोनझिलालाच डिस्क दिसत नसेल, तर बायोसमध्ये डिस्कची पद्धत रेड किंवा आरएसटी आहे का बघा. ती एएचसीआय करा. त्या मशीनवर आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर आधी नीट चौकशी करूनच बदला, कारण ही पद्धत बदलली की ते विंडोज सुरू होत नाही. जुन्या मशीनवर सीआर२०३२ सेल संपलेला असला तर काही बोर्डांवर वीज गेली की सेटिंग मूळपदावर जातं आणि काल चालणारं मशीन आज बूट होत नाही. लॅबसाठी सेलचं एक पाकीट आणून ठेवा.

ग्रब येतो, पण नंतर काळ्या पडद्यावर कंसात 'इनिटरॅमएफएस' दिसतं आणि वर 'डझ नॉट एग्झिस्ट' असा इशारा असतो, तर इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइल-संचात, या मशीनच्या डिस्कचा ड्रायव्हर नसण्याची शक्यता मोठी. 'इनिटरॅमएफएस-टूल्स'च्या मांडणीत 'मॉड्यूल्स' पुढे 'डेप' लिहिलं असेल तर फक्त मास्टरला लागणारे ड्रायव्हर घेतले जातात. तिथे 'मोस्ट' करून 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालवा, मग इमेज घ्या. फेडोरा घराण्यात ड्रेकट मुळातच मास्टरपुरतं बघतं, तिथे 'होस्टओन्ली' बंद करावं लागतं.

बूट होतं पण दीड मिनिट अडकून मग पुढे जातं, असं असेल तर कारण स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). कोणीतरी स्वॅप पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलेलं असतं, तिचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) बदललेला असतो आणि 'एफएसटॅब'मध्ये, म्हणजे बूटला जोडायच्या पार्टिशनच्या यादीत, जुनाच राहतो. सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतं. 'एलएसबीएलके डॅश एफ' करून जुळवून घ्या.

डिस्कच्या आकाराबद्दल एवढंच: क्लोनझिलाला समोरची डिस्क मास्टरच्या डिस्कएवढी किंवा मोठी लागते. मास्टर २५६ जीबीचा आणि दोन मशीनमध्ये २४० जीबीची एसएसडी, म्हणजे ती दोन अडली. मास्टर लॅबमधल्या सर्वात लहान डिस्कवर बनवा. मोठ्या डिस्कवर नंतर 'ग्रोपार्ट' आणि 'रीसाइझटूएफएस'ने जागा वाढवता येते.

इमेज आधीच सगळीकडे टाकून झाली असेल तर पुन्हा क्लोन मारत बसू नका. पत्त्यांचं भांडण चालू असताना एसएसएचने शिरणं भरवशाचं नाही, म्हणून पेनड्राइव्हवर स्क्रिप्ट घेऊन प्रत्येक मशीनपाशी जा. एटीसीमधली फाइल रिकामी करायची, डीबसची फाइल दुवा आहे ना बघायचं, 'सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप' चालवायचं, जुन्या किल्ल्या काढून नव्या करायच्या, नाव लावायचं, रीस्टार्ट. मशीनमागे दोन-तीन मिनिटं लागतात.

शेवटी पडताळणी. शिक्षकांच्या मशीनवरून २४ मशीनचे मशीन आयडी एका फाइलीत गोळा करा, ती 'सॉर्ट'मधून काढा आणि 'युनिक डॅश डी'ला द्या. ही कमांड फक्त दुबार आलेल्या ओळी छापते. काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला, की आयडीचं काम झालं. होस्ट किल्ल्यांच्या सार्वजनिक फाइलींवरही हेच करा.